हवाली केलेला जीव

ज्या घरात परगावी जाणाऱ्यांची कुत्री चार दिवस सांभाळली जातात आणि त्याच आवारात एखाद्या-दोन जातींची पैदासही होते, अशा कौटुंबिक श्वानगृहाविषयी आपल्या समाजात दोन मते रूढ आहेत. पहिले मत कौतुकाचे: ही मंडळी कुत्र्यांवर जिवापाड प्रेम करणारी, म्हणूनच असल्या उठाठेवीत पडलेली, आणि प्रेम असले म्हणजे बाकीचे आपोआप जमते. दुसरे मत निषेधाचे: मुक्या जनावराच्या वीणीवर पैसा मिळवणारी ही माणसे, यांच्या अंतःकरणात दया असती तर त्यांनी हा धंदा पत्करलाच नसता. ही दोन्ही मते वरकरणी विरुद्ध टोकांना उभी असली तरी त्यांचा पाया एकच आहे. दोन्ही मते श्वानगृहाची पारख मालकाच्या अंतःकरणावरून करतात, आणि अंतःकरण ही अशी जागा आहे की जिची झडती कोणत्याही पंचाला, पशुवैद्याला अथवा ग्राहकाला घेता येत नाही.

माझे प्रतिपादन असे आहे की श्वानगृहाची योग्यता ठरवायची ती तीन उघड आणि तपासता येण्याजोग्या गोष्टींवरून ठरवावी: तिथला रोजचा क्रम, तिथले लिहिलेले दप्तर आणि तिथून दिले गेलेले नकार. कारण अशा घरातला प्रत्येक जीव हा हवाली केलेला जीव आहे. वस्तीला आलेल्या कुत्र्याचा धनी दूर गेलेला असतो. जन्माला यावयाच्या पिल्लाचा धनी तर अजून ठरलेलाही नसतो. एकाला फिर्याद सांगता येत नाही, दुसऱ्याला फिर्याद सांगण्यापुरते अस्तित्वही नाही. जिथे फिर्यादी बोलू शकत नाही तिथे अमानत सांभाळणाऱ्याची सदिच्छा हा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. त्याचे आचरण आणि त्याचा लेखच काय तो साक्षीला उभा राहतो. या विचाराने थोडे पुढे गेले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि तीच मला विशेषेकरून सांगावयाची आहे. सांभाळ आणि पैदास हे दोन व्यवसाय आरोग्याच्या दृष्टीने एकमेकांचे वैरी आहेत. तथापि नीतीच्या दृष्टीने ते एकमेकांचे अंकुश आहेत.

१. प्रेम हे प्रमाण का मानू नये

प्रेम ही निवड करणारी वृत्ती आहे. जे कुत्रे अंगावर झेपावते, शेपटी हलवते, डोळ्यांत पाहते, त्याच्याकडे हात आपोआप जातो. आणि जे म्हातारे झाले आहे, ज्याच्या कानाला दुर्गंधी येते, जे कोपऱ्यात तोंड घालून गुरगुरते, त्याच्यापाशी बसावेसे कोणालाही वाटत नाही. परंतु श्वानगृहात गरजेचा क्रम नेमका याच्या उलट असतो. खेळकर कुत्र्याला मनुष्याच्या हाताविना दोन दिवस काढता येतील. कानात पू झालेल्या म्हाताऱ्याला वेळच्या वेळी औषध पडले नाही तर चालणार नाही. नित्यक्रमाला आवडनिवड नसते, आणि म्हणूनच तो प्रेमापेक्षा न्यायी असतो.

दुसरे असे की या क्षेत्रातले पुष्कळसे अनर्थ प्रेमातूनच घडलेले आहेत. 'मादीला एकदा तरी आई होऊ द्यावे, नाहीतर तिचा जीव अतृप्त राहतो' ही समजूत घरोघर ऐकू येते. तिला पशुवैद्यकात आधार नाही, पण मायेच्या पोटी ती टिकून आहे आणि तिच्यापायी दरवर्षी कितीतरी अशा वीणी होतात की ज्यांतल्या पिल्लांना कुठे ठेवावे याचा कोणी आगाऊ विचारच केलेला नसतो. लठ्ठ होईपर्यंत खाऊ घालणे हेही प्रेमच. उन्हाळ्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला 'मोकळे वाटावे' म्हणून भर दुपारी अंगणात सोडणे हेही प्रेमच, आणि अशा कुत्र्याला धाप टाकून शरीराची उष्णता बाहेर काढणे इतर कुत्र्यांसारखे साधत नाही हे ज्ञान त्या प्रेमात अंतर्भूत नसते. प्रेमाला मी तुच्छ लेखीत नाही. ते नसेल तर या कष्टांत कोणी वर्षभरही टिकणार नाही. माझे म्हणणे एवढेच की प्रेम हे या कामाचे भांडवल आहे, आणि भांडवल दाखवून कोणी हिशेबातून सुटत नसतो.

२. दिवसाचा क्रम हीच कैफियत

म्हणून श्वानगृहाचा एक साधा दिवस बारकाईने पाहणे हे त्याच्याविषयीच्या शंभर उद्गारांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. उजाडण्यापूर्वी जो मनुष्य पहिल्यांदा आवारात शिरतो त्याचे पहिले काम कुत्र्यांना गोंजारण्याचे नसून त्यांची विष्ठा पाहण्याचे असते. कोणाची पातळ झाली, कोणाच्या विष्ठेत आव अथवा रक्त आहे, कोणी रात्रीचे अन्न तसेच ठेवले, कोणी पाणी नेहमीपेक्षा अधिक प्यायले, हे सर्व झाडू फिरण्याआधी पाहून लिहावे लागते, कारण झाडू फिरला की पुरावा गेला. नवीन आलेले कुत्रे पहिले एक-दोन दिवस अन्न नाकारते आणि त्याचे पोट थोडे बिघडते, हे सामान्य आहे. पण सामान्य अस्वस्थता आणि रोगाची सुरुवात पहिल्या दिवशी सारखीच दिसते, आणि त्यांतला फरक कळतो तो कालच्या नोंदीशी आजची नोंद रुजू घातल्यानेच.

त्यानंतर स्वच्छता. या बाबतीत आपल्याकडे फिनेलवर जो विश्वास आहे तो घातक आहे. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूवर नेहमीच्या फिनेलचा भरवसा धरता येत नाही. तो विषाणू मातीत, फटींत, पायपुसण्यात कित्येक महिने तग धरतो. त्याच्यावर साधे घरगुती ब्लीच चालते, सुमारे तीस भाग पाण्याला एक भाग या प्रमाणात; पण तेही विष्ठा आधी काढून, फरशी घासून धुतल्यावर आणि द्रव दहा मिनिटे तिथे टिकू दिला तरच, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीतच खर्ची पडते. म्हणजे प्रश्न वासाचा नाही, क्रमाचा आहे: आधी काढणे, मग घासणे, मग ओतणे, मग थांबणे. जे श्वानगृह फिनेलने घमघमते ते स्वच्छ असेलच असे नाही, आणि जाणता मनुष्य तिथे नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो.

मग गट करून मोकळे सोडणे: कोणाचे कोणाशी जमते, कोणत्या दोन नरांना एकमेकांच्या दृष्टीसही पडू द्यावयाचे नाही, कोणती मादी माजावर येण्याच्या बेतात आहे. मग अन्न: एकाला कोरडे खाद्य, दुसऱ्याला भात आणि कोंबडी, तिसऱ्याला धन्याने लिहून दिलेली दहीभाकरी. ज्याचे त्याला, मोजून, आणि वेगवेगळ्या जागी. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना जेवणानंतर लगेच पळवू नये, कारण त्यांच्यात जठराला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो पडला तर काही तासांत खेळ आटोपतो. पावसाळ्यात गोचीड: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली रोज हात फिरवून पाहावे लागते, कारण आपल्या हवेत गोचीडताप हा पाहुणा नव्हे, रहिवासी आहे, आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात मिसळणारा लेप्टोचा जंतू साचलेल्या डबक्यात दबा धरून असतो. दिवाळीत आणखी निराळा बंदोबस्त. लोक नेमके याच सणाला आणि मे महिन्याच्या सुटीत गावी जातात, म्हणजे आवार जेव्हा सर्वांत भरलेले असते तेव्हाच फटाक्यांनी भेदरलेले कुत्रे कुंपणावरून उडी घेण्याचा संभवही सर्वांत अधिक असतो.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की या क्रमात कुठेही उत्कट असे काही नाही. तो कंटाळवाणा आहे, आणि त्याच्या कंटाळवाणेपणातच त्याचे मूल्य आहे; कारण हवाली केलेल्या जिवाला आपल्या उत्साहाच्या दिवशी मिळालेली उत्तम वागणूक नको असते, आपल्या थकव्याच्या दिवशीही न चुकलेली साधी वागणूक हवी असते.

दप्तराचेही तसेच. वस्तीला येणाऱ्या कुत्र्याची नोंद म्हणजे नाव आणि फोन एवढीच नव्हे. लसीच्या दाखल्याची रुजुवात, आल्या दिवशीचे वजन, अंगावरच्या जुन्या जखमा, कशाची भीती वाटते, कोणाला चावले आहे काय, आजारी पडल्यास कोणत्या खर्चापर्यंत उपचार करण्याची धन्याची संमती आहे आणि धनी फोनवर न सापडल्यास निर्णय कोणी घ्यावयाचा, इतके सर्व लिहून घेऊन खाली सही घ्यावी. ती एक कबुलायत असते, आणि ती दोघांचेही रक्षण करते. जाताना पुन्हा वजन. दहा दिवसांत दोन किलो उतरलेले कुत्रे 'मजेत होते' असे सांगून परत करणाऱ्या घरापेक्षा, 'अर्धा किलो उतरले, पहिले दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवसापासून खाऊ लागले' असे वही दाखवून सांगणारे घर अधिक विश्वासास पात्र आहे.

३. दोन व्यवसायांतले वैर

आता प्रचलित समजुतीचा आणखी एक थर खरवडावयाचा आहे. जागा आहेच, कुत्री आहेतच, माणसे आहेतच, तेव्हा सांभाळाबरोबर पैदास किंवा पैदाशीबरोबर सांभाळ सहज होऊन जातो, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की रोगशास्त्राच्या दृष्टीने याहून विजोड असा संबंध शोधून सापडणार नाही. वस्तीला येणारे कुत्रे दहा घरांची, दहा रस्त्यांची धूळ पायांना लावून येते. पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच विषाणू विष्ठेतून बाहेर पडू लागतो. म्हणजे दारात निरोगी दिसलेला पाहुणा रोग घेऊन येऊ शकतो आणि आपण आजारी पडण्यापूर्वीच घरीही परतू शकतो. उलटपक्षी आवाराच्या दुसऱ्या टोकाला दीड महिन्याची पिल्ले असतात. त्यांना आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरू लागलेले असते, पण ते पुरते ओसरेपर्यंत लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून तर लस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत पुनःपुन्हा द्यावी लागते. या मधल्या काळात पिल्लू जवळजवळ निःशस्त्र असते.

तेव्हा दोन्ही कामे एकाच आवारात करावयाची तर भिंत हवी, वेगळी भांडी हवीत, वेगळी पादत्राणे हवीत, आणि सकाळी पिल्लांकडून पाहुण्यांकडे जावे, पाहुण्यांकडून पिल्लांकडे कधीही येऊ नये हा शिरस्ता घरातल्या लहान मुलापर्यंत सर्वांना ठाऊक हवा. हे ज्याला जमत नसेल त्याने दोहोंपैकी एक काम सोडावे. यात तडजोडीला जागा नाही.

४. तरीही ते एकत्र असावेत, याची कारणे

इतके वैर असूनही, भिंत बांधण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्यापुरते, हे दोन व्यवसाय एका छताखाली असणे इष्ट आहे असे मी मानतो, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण पैशाचे आहे, आणि पैशाचे आहे म्हणून ते हलके नाही. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे नियम झाले. त्यांप्रमाणे मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिच्यापासून वीण घेता येत नाही, लागोपाठच्या दोन माजांवर घेता येत नाही, वर्षातून एकाहून अधिक वेळा घेता येत नाही, आठ वर्षांनंतर घेता येत नाही, आणि उभ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेळा घेता येत नाही. आता हिशेब मांडून पाहावा. गर्भावस्था सुमारे त्रेसष्ट दिवसांची. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकता येत नाही, म्हणजे आणखी छप्पन्न दिवस. मिळून एका वीणीला चार महिने. कायद्याने दिलेल्या पाचही वीणी घेतल्या तरी मादीच्या साडेबारा वर्षांच्या आयुष्यातील म्हणजे दीडशे महिन्यांतील उणेपुरे वीस महिने तिच्यापासून उत्पन्न होते, आणि उरलेले एकशे तीस महिने तिला निव्वळ पोसावयाचे असते. ज्या घराची उपजीविका केवळ पिल्लांवर आहे त्या घरावर हे एकशे तीस महिने रोज दडपण आणतात: माज चुकवू नये, म्हातारीला कुठेतरी देऊन टाकावे, पाचाचे सहा करावेत. सांभाळाचे उत्पन्न असले म्हणजे हे दडपण ओसरते. एखाद्या वर्षी मादी अशक्त आहे, जोडीचा नर मनासारखा नाही, तर वीण घेऊच नये, असे म्हणण्याची ऐपत येते. पाहुण्यांच्या भाड्यावर मादीची विश्रांती विकत घेता येते, असे मी याला म्हणतो, आणि नकार देण्याची ऐपत ही पैदास करणाराच्या सचोटीची पहिली अट आहे.

दुसरे कारण याहून खोल आहे. पैदास करणारा सामान्यतः आपल्या कृतीचे फळ पाहत नाही. आठ आठवड्यांचे पिल्लू निघून जाते, आणि त्या वयात त्याच्यातले दोष बव्हंशी अदृश्य असतात. खुब्याच्या सांध्याचा दोष पिल्लाच्या चालीत दिसत नाही. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था त्याचा अंतिम दाखला चोवीस महिने पुरे झाल्याशिवाय देत नाही. डॉबरमनमधला हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा रोग तर पुष्कळदा मध्यम वयात प्रकट होतो, म्हणजे त्या कुत्र्याची पिल्ले होऊन त्या पिल्लांनाही पिल्ले झालेली असण्याचा संभव असतो. अशा परिस्थितीत ज्याने पिल्लू दिले त्याला त्याच्या पाचव्या, सातव्या, नवव्या वर्षाची खबर कोण देणार? देणारा एकच उपाय मला दिसतो, आणि तो म्हणजे ते कुत्रे दर सुटीत त्याच्याच दारात वस्तीला येणे. आपण दिलेले पिल्लू पाच वर्षांनी दारात उतरते, पायरी चढताना मागचा पाय ओढते, अनोळखी मनुष्य पाहून दबते किंवा अंगावर धावते. आणि ज्याने त्या जोडीची निवड केली त्याला आपल्या निवडीचा निकाल डोळ्यांसमोर चालताना पाहावा लागतो. त्याने तो वंशावळीच्या वहीत लिहून ठेवला तर पुढची जोडी बदलते. सांभाळाचा व्यवसाय हा असा पैदाशीच्या व्यवसायावरचा कायमचा तपासनीस ठरतो, आणि हा लाभ कोणत्याही सरकारी निरीक्षकाकडून मिळण्यासारखा नाही.

५. पहिले आठ आठवडे आणि स्वभावाची घडण

बाजारात महिना-सव्वा महिन्याची पिल्ले विकण्याचा जो प्रघात आहे त्याविषयी थोडे कठोरपणे लिहिणे प्राप्त आहे. ग्राहकाला वाटते की जितके लहान तितके ते आपल्याला अधिक लळा लावील. विक्रेत्याला वाटते की जितके लवकर जाईल तितका खर्च वाचेल. दोघांचे हेतू जुळतात आणि पिल्लाचे हित मधल्यामध्ये मारले जाते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याने हे दाखवून दिले की सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात कुत्र्याचे सामाजिक जीवन घडते. या काळाच्या पूर्वार्धात ते आईकडून आणि भावंडांकडून दातांचा जोर आवरायला शिकते; दोन्ही बाजूंना दुखल्याखेरीज हा धडा मिळत नाही, आणि तो माणसाला शिकवता येत नाही. याच काळात त्याला माणसांचा, भांड्यांच्या आवाजाचा, लहान मुलांचा, केरसुणीचा, प्रेशर कुकरच्या शिट्टीचा परिचय व्हावा लागतो. इथे मात्र कौटुंबिक श्वानगृहाची बाजू खरोखर भक्कम आहे. मोठ्या आस्थापनेत पिल्लांना स्वच्छ पिंजरा मिळेल. नांदते घर मिळणार नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत वाढलेल्या पिल्लाला संसाराचा गलबला परका वाटत नाही.

त्याआधीचे दिवस तर केवळ जागरणाचे असतात. व्यायच्या आधीच्या दिवसात मादीचे तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरते, म्हणून शेवटच्या आठवड्यात ते दिवसातून दोन-तीनदा पाहून लिहावे लागते. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिला आठवडा पेटीत तीस अंश सेल्सियसच्या आसपास उबारा ठेवावा लागतो. रोज वजन करावे लागते. आठ-दहा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हावे, आणि ज्या पिल्लाचे एक दिवस वाढले नाही त्याच्याकडे त्याच दिवशी पाहावे. दुसऱ्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो.

६. शुद्धतेचा अभिमान

ग्राहक 'पेपर्स आहेत का' असे विचारतो आणि कागद दाखवला की निश्चिंत होतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला हा वंशाचा दाखला आहे; तो आरोग्याचा किंवा स्वभावाचा दाखला नव्हे, आणि तसा दावाही तो करीत नाही. वंश बंदिस्त ठेवणे म्हणजे गुण टिकवणे, ही समजूत डाल्मेशियन जातीच्या इतिहासाने पुरती खोडून काढली आहे. त्या जातीच्या ठिपक्यांबरोबर मूत्रातील युरिक आम्लाचा एक दोष सबंध जातीत भिनला होता, इतका की शुद्ध वंशात निर्दोष प्राणी शोधूनही मिळेना. रॉबर्ट शायबल या आनुवंशविज्ञाने १९७३ साली एका पॉइंटर कुत्र्याचा संकर करून निर्दोष गुण परत आणला आणि पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच जोड्या लावून रूपही पूर्ववत केले. तरीसुद्धा अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला कायमचा प्रवेश दिला तो २०११ साली. मूतखड्याने तळमळणारे कुत्रे शुद्ध आणि निरोगी कुत्रे अशुद्ध, असा निवाडा जवळजवळ चार दशके चालू राहिला.

आपल्या दख्खनच्या कारवान कुत्र्याची गोष्ट याच्या उलट दिशेने हेच सांगते. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळे ज्याला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले, आणि लातूर-सोलापूरकडच्या गावांतून जो आजही सांभाळला जातो, तो उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही नोंदवहीशिवाय टिकला. कारण त्याची परीक्षा माळावर होत होती. जो धावू शकत नसे, ज्याचा सांधा किंवा छाती कमजोर असे, त्याचा वंश कोणी पुढे चालवीत नसे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर ती परीक्षाही संपली. आता त्या जागी प्रदर्शनातले बक्षीस आणि बाजारातली किंमत या दोनच कसोट्या उरल्या आहेत, आणि दोन्ही डोळ्यांना दिसते तेवढेच पाहतात. म्हणून पूर्वी ज्या जातीला दप्तराची गरज नव्हती तिला आज सर्वांत अधिक आहे. माळावरची परीक्षा गेली तर तिच्या जागी धावण्याची, सांध्यांची, स्वभावाची, आयुर्मानाची लेखी परीक्षा कोणीतरी घेतलीच पाहिजे, आणि ती घेणारा मनुष्य त्या गावातलाच असला पाहिजे.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. असे असताना नवीन पिल्ले जन्माला घालण्याचे समर्थन कसे करावयाचे? या आक्षेपातला निम्मा भाग मी पूर्णतः मान्य करतो. ज्याने पिल्ले जन्मण्यापूर्वी त्यांच्या घरांची तजवीज केली नाही, त्याच्यापाशी कोणतेही समर्थन नाही. जो ग्राहकाला केवळ राखण आणि सोबत हवी आहे हे ऐकूनही त्याला महागडे परदेशी पिल्लू गळ्यात बांधतो, आणि आपल्या हवेला सरावलेले गावठी पिल्लू घरी न्या असे सांगत नाही, त्याच्यापाशीही नाही. परंतु रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्या वाढते ती उघड्यावरचे अन्न आणि न झालेली निर्बीजीकरणे यांमुळे. जो पैदास करणारा दिलेले प्रत्येक पिल्लू वेळ आल्यास आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर परत घेण्याचा लेखी करार करतो, त्याची कुत्री रस्त्यावर जात नाहीत. हा करार हीच सीमारेषा आहे. तो ज्यांच्याकडे नाही त्यांच्याविरुद्ध आक्षेपकाचा शब्दन्‌शब्द मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप असा की एवढे सगळे नियम आहेतच, मग लेखकाने नीती कशाला सांगावी. नियमांचे मोल मला कमी करावयाचे नाही. परंतु नियम किमान मर्यादा सांगतात आणि निरीक्षक दिवसा येतो. पहाटे तीन वाजता चौथे पिल्लू अडले असता पशुवैद्याला उठवावयाचे की थोडे थांबून पाहावयाचे, हा निर्णय घेताना तिथे कायदा हजर नसतो.

तिसरा आक्षेप कोणी फारसा घेत नाही, पण मला तोच सर्वांत अधिक बोचतो. 'कौटुंबिक' म्हणून ज्याचा गौरव करतात त्या श्वानगृहात रात्रीचा पहारा कोण देते? पेटीजवळ बसून अशक्त पिल्लाला दर दोन तासांनी दूध पाजणारी, पहाटे फरशी घासणारी आणि धन्यांचे फोन घेणारी ती बहुधा घरातली स्त्री असते. प्रदर्शनात कुत्र्याची दोरी धरून उभा राहणारा पुरुष असतो, आणि जमाखर्चात तिच्या श्रमाचे खाते कुठेही नसते. याला माझ्यापाशी एकच उत्तर आहे, आणि ते समर्थनाचे नाही. ज्या दप्तराचा मी इतका आग्रह धरीत आहे त्यात तिचे तास आणि तिचा वाटा लिहिला गेला पाहिजे, आणि वीण घ्यावी की नाही या निर्णयात तिचा शब्द शेवटचा असला पाहिजे, कारण जागरण तिचे आहे. ज्या घरात ती 'या वर्षी नको' म्हणते आणि तरीही मादीला नर दाखवला जातो, त्या घराला मी कौटुंबिक म्हणणार नाही.

८. ग्राहकास विनंती

हा सर्व विचार ग्राहकाच्या हाती दिल्याशिवाय पुरा होत नाही, कारण श्वानगृह अखेर तेच दाखवते जे पाहण्याचा आग्रह धरला जातो. तेव्हा पिल्लू घेण्यास जाणाऱ्या वाचकास माझी विनंती आहे की त्याने पिल्लाला हात लावण्यापूर्वी त्याची आई पाहावी, तिचे वय आणि आतापर्यंतच्या वीणी विचाराव्यात, तिची आजी कोणत्या रोगाने गेली ते विचारावे, आणि पिल्लू आठ आठवड्यांचे झाले नसेल तर पैसे देऊ नयेत. कुत्रे वस्तीला ठेवणाऱ्याने मालकाचे श्वानप्रेम ऐकत बसू नये. रोजची वही मागावी, गेल्या महिन्यात कोणती कुत्री आजारी पडली आणि तेव्हा काय केले ते वाचून पाहावे, आणि लसीचा दाखला न मागता आपले कुत्रे ठेवून घेण्यास कोणी तयार झाला तर, तो कितीही प्रेमाने बोलला तरी, आपले कुत्रे घेऊन तिथून परत यावे.